लॉन काढायचंय? गवत जाऊ द्या, माती गेटबाहेर जाऊ देऊ नका

बंगल्यापुढचं लॉन काढायचं ठरलं की पहिला फोन माळ्याला जातो, नाहीतर जेसीबीवाल्याला. दोघांचंही उत्तर बहुधा एकच: "खरवडून ट्रॉलीत भरतो, दुपारपर्यंत जागा मोकळी." होतेही मोकळी. मग मिरगाच्या आधी त्याच जागेत वाफे करायचे म्हणून पोयटा मातीची चौकशी सुरू होते. ब्रासच्या भावाने येऊन पडलेली ती माती गेलेल्या मातीपेक्षा बरी असेलच, असं काही नाही. बऱ्याचदा ती कुठल्या तरी इमारतीच्या पायातून निघालेली असते आणि तिच्यासोबत गाजरगवताचं बी, काचा आणि सिमेंटचे गोळे फुकट येतात.

लॉनखालची वरची दोन-तीन इंच माती ही त्या आवारातली सगळ्यात कसदार माती. गवताची मुळं तिथेच मरतात आणि नवी फुटतात, कापलेल्या पात्यांचा चुरा तिथेच कुजतो, गांडुळं तिथेच वावरतात, आणि वर्षानुवर्षं टाकलेलं शेणखतही तिथेच मुरलेलं असतं. लॉन काढायला माझी ना नाही. एप्रिल-मेच्या उन्हात गवत हिरवं ठेवायचं तर दिवसाला साधारण ५ मिलिमीटर पाणी द्यावं लागतं. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या लॉनला रोज जवळजवळ १४० लिटर. ज्या गल्लीत मार्चपासून टँकर फिरतात तिथे हे परवडणारं नाही, आणि शोभणारंही नाही. पण गवत नको म्हणून माती कशाला घालवायची?

खाली जे सांगतोय ते मुख्यतः पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा पठारावरच्या बागांसाठी आहे. कोकणात काय बदलायचं ते त्या त्या ठिकाणी येईल.

आधी गवत ओळखा, मग एक खड्डा घ्या

गवत कोणतं आहे यावर पुढचं सगळं काम ठरतं. नर्सरीत 'मेक्सिकन' किंवा 'कार्पेट' म्हणून मिळणारं गवत दाट आणि पायाला गादीसारखं लागतं. त्याची मुळं उथळ असतात, त्यामुळे ते गादीसारखंच सोलून निघतं. हे सगळ्यात सोपं प्रकरण.

'सिलेक्शन नंबर वन' लावलं असेल तर लक्षात ठेवा, ती हरळीच आहे, फक्त निवडलेली. वर धावणाऱ्या वेली आणि जमिनीखाली काश्या (मुळांसारखी दिसणारी आडवी खोडं), अशी ती दोन्हीकडून पसरते. काशीचा बोटभर तुकडा राहिला तरी त्याला डोळा असतो आणि तो फुटतो. वरची दोन इंच गादी काढली म्हणजे हरळी गेली, असं समजू नका.

तिसरा गडी लव्हाळा. तो कुणी लावत नाही, तो असतोच. दांडा दोन बोटांत धरून फिरवा. गोल न लागता तिधारी लागला तर तो लव्हाळा. त्याच्या मुळांना काळ्या, शेंगदाण्याएवढ्या गाठी असतात आणि एकीला दुसरी जोडून त्यांची माळ खाली जाते. बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांत सापडतात, काही फूटभर खालीही. उटण्यात पडणारा नागरमोथा याच कुळातला, पण बागेत त्याचं कौतुक नको. लव्हाळा किती आहे याचा अंदाज घेण्यासाठी आठ दिवस लॉन कापू नका. तो गवतापेक्षा भराभर वाढतो आणि पोपटी ठिपक्यांसारखा वर दिसायला लागतो. त्या जागांवर चुन्याने खुणा करून ठेवा.

आता एका कोपऱ्यात एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या आणि त्याची बाजू नीट बघा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत बांधलेल्या घरांत बहुधा असं दिसतं: वर गवत, त्याखाली चार ते सहा इंच आणलेली लाल माती किंवा पोयटा, आणि त्याखाली मुरूम किंवा बांधकामाचा राडारोडा. जुन्या आवारात लाल थराखाली सरळ काळी माती लागते. कोकणात चार-सहा इंचांवर जांभा लागला तर नवल नाही, आणि मग वरच्या मातीची किंमत तिथे दुप्पट धरा. तुम्ही किती खोल जायचं ते हा खड्डा सांगतो. मुरूम लागला की थांबायचं. मुरूम वरच्या मातीत मिसळला की तो पुन्हा वेगळा करणं जवळजवळ अशक्य.

माती किती निघेल याचा हिशेब

हा हिशेब कुणी करत नाही आणि मग अंगणात डोंगर उभा राहतो. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. ३०० चौरस फूट लॉन दोन इंच जाडीने काढलं तर ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास माल निघतो. खणल्यावर माती फुगते, त्यामुळे प्रत्यक्ष ढीग ६०-६५ घनफुटांचा होतो. वजन साधारण दोन टन. घमेल्यांत मोजायचं तर सव्वाशे-दीडशे खेपा. दोन माणसं दिवसभर दमतील एवढं हे काम आहे. चार इंच खोल जायचं असेल तर सगळे आकडे दुप्पट करा.

तेव्हा टिकाव उचलण्याआधीच जागा ठरवून ठेवा: गवताची थप्पी कुठे, चाळलेली माती कुठे, दगडगोटे कुठे. थप्पी आणि माती, दोन्ही घराच्या भिंतीपासून किमान तीन-चार फूट दूर ठेवा. ओला ढीग भिंतीला टेकला की आधी ओल येते आणि मागोमाग वाळवी.

केव्हा करायचं

गवत मारायचं असेल तर फेब्रुवारी ते मे. गवत जिवंत काढून दुसरीकडे लावायचं असेल तर पहिला चांगला पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते जुलै. पाण्याची सोय असेल तर ऑक्टोबरही चालतो. डिसेंबर-जानेवारीत पठारावर ही गवतं जवळजवळ झोपलेली असतात. तेव्हा लावलेली गादी मरत नाही, पण मुळंही धरत नाही.

महिन्यापेक्षाही महत्त्वाचा वाफसा. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, शहरातल्या माणसाला लागतं. मूठभर माती घेऊन दाबा. हाताला चिकटून लगदा झाला तर ती फार ओली. मुठीत बसलीच नाही तर फार कोरडी. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबताच फुटला, तर वाफसा आलेला आहे. काळी माती ओली असताना खणली की तिची जी ढेकळं होतात ती वाळल्यावर विटांसारखी कडक बनतात, आणि पूर्ण कोरडी असेल तर टिकाव उसळी मारून परत येतो. उन्हाळ्यात काम करायचं असेल तर दोन-तीन दिवस आधी भरपूर पाणी द्या आणि निथळू द्या. लाल माती दुसऱ्याच दिवशी तयार होते, काळीला चार दिवसही लागतात.

गादी सोलणं

टिकाव, फावडं, पहार, खुरपं आणि घमेली घरोघरी असतात. एक गोष्ट मात्र मुद्दाम आणा: सपाट पात्याचा बेलचा, आणि त्याची धार कानशीने लावून घ्या. बोथट फावड्याने गादी सोलली जात नाही, फाटते.

१. गवत शक्य तितकं बारीक कापा. उंच गवत थप्पीत आधी सडतं आणि वास मारतं.

२. जमिनीखाली काय काय आहे ते शोधा. ठिबक किंवा स्प्रिंकलरचे पाइप, बागेतल्या दिव्यांची वायर, सांडपाण्याचं चेंबर, आणि अर्थिंगचा खड्डा. अर्थिंगच्या झाकणाभोवती पहार चालवू नका. बागेच्या दिव्यांची वायर नियमाप्रमाणे खोल आणि पाइपातून असायला हवी, पण ती गवताखाली दोन इंचांवर नुसतीच पसरलेली सापडणं फार नेहमीचं आहे. काम संपेपर्यंत तिचा मेन स्विच बंद ठेवा.

३. दोरी ताणून एक-एक फुटाच्या पट्ट्या आखा आणि बेलचा उभा दाबत कापा. मग आडव्या रेघा. फूटभर चौकोन हे सोयीचं माप, कारण दीड इंच जाडीचा असा एक ओलसर तुकडा पाच-साडेपाच किलोंचा होतो. लांब गुंडाळी दिसायला छान, उचलायला नाही.

४. कडेने सुरुवात करा. बेलचा जवळजवळ आडवा धरून गादीखाली सारा आणि गुडघ्याने ढकला. मेक्सिकन गवत एक ते दीड इंचावर सुटतं. दुसऱ्या माणसाने कड उचलून धरली तर काम दुप्पट वेगाने होतं.

५. प्रत्येक तुकडा उलटा करून कडेवर आपटा, म्हणजे मुळांत न गुंतलेली सुटी माती तिथल्या तिथे पडेल. गाद्या थप्पीत घालायच्या असतील तर फार झटकत बसू नका, ती माती परत मिळणारच आहे.

झाडाच्या छायेखाली आलात की बेलचा बाजूला ठेवा आणि खुरपं घ्या. आंबा, चिकू, पारिजातक, कुठल्याही झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फुटात पसरलेली असतात. तिथे गवत हाताने उपटा, जमेल तेवढंच. उरलेल्यावर पुठ्ठे आणि पालापाचोळा अंथरा. काही महिन्यांत प्रकाशावाचून ते गवत आपणच दमतं.

जेसीबी? ३०० चौरस फुटांसाठी माझं उत्तर स्पष्ट आहे: नको. यंत्र वरची माती आणि खालचा मुरूम एका बकेटमध्ये कालवतं आणि उरलेली जमीन चाकांनी दाबून टाकतं. सोसायटीचं पाच-सहा हजार चौरस फुटांचं लॉन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चालकाजवळ माणूस उभा करा, दात नसलेली सपाट बकेट लावायला सांगा, आणि तीन इंचांखाली जाऊ देऊ नका.

हरळी आणि लव्हाळा: इथे घाई केली की पुढची पाच वर्षं गेली

मेक्सिकन गवत असलेल्यांनी हा भाग वरवर वाचला तरी चालेल. बाकीच्यांनी इथेच सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

हरळीचं लॉन गादी म्हणून सोलू नका. आठ-नऊ इंच खोल (मुरूम त्याआधी लागला तर तिथपर्यंतच) टिकाव मारून जमीन पालथी घाला आणि ढेकळं तशीच उन्हात पडू द्या. शेतात उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळं तापू देतात, तेच हे. आठवड्याने ढेकळं फोडा, दंताळ्याने काश्या ओढून घ्या आणि वेचा. मग पुन्हा एकदा तेच. काश्या वेचणं कंटाळवाणं काम आहे आणि त्याला पर्याय नाही. रोटरी टिलर फिरवू नका. तो एका काशीचे वीस तुकडे करतो आणि वीसही जागी हरळी लावून देतो.

वेचलेल्या काश्या सिमेंटच्या अंगणावर किंवा पत्र्यावर पातळ पसरा. मातीवर ठेवल्या तर खालून ओल घेऊन पुन्हा रुजतात. एप्रिलच्या उन्हात त्या इतक्या वाळल्या पाहिजेत की वाकवताच कडकन मोडतील. नुसत्या लवल्या तर अजून जीव आहे. मोडायला लागल्या की त्या निव्वळ वाळलेलं गवत झाल्या. कंपोस्टात घाला, नाहीतर झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाका.

लव्हाळ्याच्या गाठींचं वेगळं. अंधाऱ्या, ओलसर थप्पीत त्या मरत नाहीत. सुस्त पडून राहतात आणि उजेड मिळताच फुटतात. त्यामुळे चुन्याने खूण केलेल्या जागांची माती फूटभर खोल, किंवा मुरूम लागेपर्यंत, काढा आणि सगळ्यांपासून वेगळी ठेवा. ती पाव इंचाच्या चाळणीतून चाळा, गाठी वर राहतील. त्या कडक उन्हात पंधरवडाभर सुकवा, चांगल्या सुरकुतल्यावर कचऱ्यात द्या. कंपोस्टात घालू नका. चाळलेल्या मातीवरही लगेच भरवसा ठेवू नका, बारीक गाठी चाळणीतून सुटतात. तिच्यासाठी पुढचा उपाय.

एप्रिल-मेमध्ये ही माती फरशीवर सहा इंच जाडीने पसरा, ओली करा, आणि वरून २५ ते ५० मायक्रॉनचं पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा विटांनी घट्ट दाबा. चार ते सहा आठवडे उघडू नका. प्लास्टिक पारदर्शकच हवं. काळं प्लास्टिक स्वतः तापतं, पारदर्शक प्लास्टिक ऊन आत जाऊ देऊन माती तापवतं. कोरडी माती नीट तापत नाही, म्हणून ओलावा. याने तणांचं बी आणि मुळांवरच्या बऱ्याच बुरश्या, सूत्रकृमी मरतात. लव्हाळा पूर्ण मरेल अशी हमी मी देणार नाही. त्याच्या काही गाठी प्लास्टिकखाली फुटून करपतात, काही तग धरतात. म्हणून ही माती वाफ्यात न घालता मोठ्या कुंड्यांत वापरा. तिथे कोंब दिसला की गाठीसकट उपटता येतो.

तणनाशकाचा रस्ता मी सुचवत नाही. माती पुन्हा वापरायची म्हणून हा सगळा खटाटोप आहे, आणि फवारलेलं गवत थप्पीत घालायला मन धजावत नाही.

एक अपवाद. हरळीचा चांगला, कोवळा तुकडा निवडून पसरट कुंडीत लावून ठेवा. भाद्रपदात दूर्वांच्या जुड्यांसाठी बाजारात जावं लागणार नाही. फक्त कुंडी फरशीवर ठेवा, मातीवर नको. तळाच्या भोकातून ती खाली उतरते.

काढलेल्या गाद्यांचं काय करायचं

जिवंत वापरायच्या असतील तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लावा. तोवर सावलीत, हिरवी बाजू हिरव्याला लावून ठेवा आणि ओलं गोणपाट टाका. पावसात माती वाहून जाणारे उतार, नाल्याच्या कडा, वाटेवरच्या फरशांमधल्या फटी, अशा ठिकाणी त्या छान बसतात. उतारावर तुकडे विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून लावा आणि प्रत्येकात बांबूची खुंटी ठोका. नाहीतर पहिल्या जोरदार सरीत गादी खाली घसरते. लावण्याआधी खालची माती खरवडून ओली करा, लावल्यावर थापीने ठोका. पहिले दोन आठवडे पाऊस नसेल तर रोज पाणी.

नको असलेल्या गाद्यांची थप्पी लावा. साधारण चार बाय चार फुटांची चौकोनी जागा घ्या, हिरवी बाजू खाली आणि मुळं वर, असे थर रचत जा. प्रत्येक थर पाण्याने भिजवा आणि दोन-तीन थरांनंतर पातळ शेणकाला शिंपडा. उंची साडेतीन-चार फुटांवर थांबवा. कडा उभ्या आणि घट्ट ठेवा, मधे पोकळी नको. वरून काळी ताडपत्री किंवा जाड काळं प्लास्टिक पूर्ण झाकून बांधा. इथे मात्र काळंच हवं, कारण इथे उजेड तोडायचा आहे.

या थप्पीत माती इतकी असते की ती नेहमीच्या कंपोस्टसारखी तापत नाही. म्हणून तणं उष्णतेने मरत नाहीत, अंधाराने मरतात, आणि अंधाराला वेळ लागतो. स्वच्छ मेक्सिकन गादी सहा ते आठ महिन्यांत माती होते. मिसळीचं गवत असेल तर वर्ष धरा. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी ताडपत्री उचलून पाणी द्या, कारण कोरड्या थप्पीत कुजणं थांबतं. पावसाळ्यात झाकण काढू नका, विशेषतः कोकणात. तिथल्या पावसात उघडी थप्पी म्हणजे सगळा कस गटारात.

ताडपत्री हाताने ओढण्याआधी काठीने ढोसून बघा. उबदार, ओलसर, उंदीर असलेली जागा घोणस आणि नागाला आवडते, विंचवाला तर फारच.

जागा अडली म्हणून चुटपुट लागत असेल तर जूनमध्ये थप्पीच्या माथ्यावर ताडपत्रीला दोन भोकं पाडून लाल भोपळ्याचं बी टोचा. खतावर वाढलेला वेल थप्पी पानांनी झाकून टाकतो. ऑक्टोबरमध्ये भोपळे उतरवा आणि मग थप्पी मोडा. बेलच्याने उभी कापली की काळसर, तंतुमय, मऊ माती निघते. चाळणीवर राहिलेला चोथा पुढच्या कंपोस्टात.

माती: चाळणं, तपासणं, वापरणं

खणताना निघालेली सुटी माती अर्ध्या इंचाच्या चाळणीतून जाऊ द्या. बांधकामावर वाळूसाठी असते ती तिरकी चाळण याला उत्तम. दगडगोटे फेकू नका, ते कुंड्यांच्या खाली, वाटेच्या भरावात, पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात कामाला येतात. सिमेंटचे आणि चुन्याचे गोळे मात्र वेचून काढा. आपल्याकडच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) आधीच आठच्या आसपास असतो, त्यात चुना नको.

मातीत इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या जाड अळ्या दिसल्या तर ती हुमणी. मुळं खाऊन झाडं वाळवते. वेचून पसरट घमेल्यात उघड्यावर ठेवा, साळुंक्या आणि कावळे काम संपवतात. शंखी गोगलगाय असलेल्या भागात पावसाळ्यात माती-गाद्या इकडून तिकडे नेताना तिची पिवळसर अंडी जात नाहीत ना, ते पाहा. मातीत दोन-तीन बोटं खोल, घोळक्याने घातलेली असतात.

वर्षानुवर्षं बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या लॉनखाली कधी पांढरी खपली दिसते. ते क्षार. सोसायट्यांमध्ये सांडपाणी शुद्ध करून लॉनला देतात तिथेही हा प्रकार होतो. अशी माती भाजीला वापरण्याआधी तपासून घ्या. जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात माती परीक्षण होतं. पाच-सहा जागांहून सहा-आठ इंच खोलीपर्यंतचा काप घ्यायचा, एकत्र करायचा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायचा, सावलीत वाळवून पिशवीत द्यायचा. शुद्ध केलेल्या सांडपाण्यावरची माती मी तरी कोथिंबीर-पालकासाठी वापरणार नाही, फुलझाडांना देईन.

आता वापर. ताज्या काढलेल्या मातीत मुळांचा चोथा भरपूर असतो, आणि तो कुजताना नत्र ओढून घेतो. तिच्यात लगेच टोमॅटो-मिरचीची रोपं लावली तर ती पिवळी पडतात आणि माणूस खताच्या पिशव्या आणत सुटतो. त्याऐवजी पहिला पाऊस झाला की ताग पेरा आणि फुलोऱ्यावर येताना, साधारण सहा-सात आठवड्यांनी, कापून तिथेच गाडा. गणपतीच्या सुमारास जमीन तयार होते आणि रब्बीची भाजी जोमात येते. घाईच असेल तर कुजलेलं शेणखत भरपूर मिसळा.

कुंड्यांसाठी थप्पीची चाळलेली माती दोन भाग, गांडूळखत एक भाग आणि कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा एक भाग. कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. काळी माती असेल तर पालापाचोळा वाढवा. चार घमेली वाळू टाकून काळी माती भुसभुशीत होत नाही, सेंद्रिय खतानेच होते.

उरलेली माती गच्चीवर नेऊन बाग करायचा मोह सगळ्यांनाच होतो. वापरात असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चलभार (माणसं-सामानाचा भार) धरतात चौरस मीटरला १५० किलोंच्या आसपास, म्हणजे चौरस फुटाला १४ किलो. भिजलेली माती फूटभर जाडीची असेल तर एका चौरस फुटावर ५० किलोंचा भार येतो. म्हणून सरसकट वाफा नकोच. मोजक्या कुंड्या, त्याही तुळई आणि भिंतींच्या रेषेवर. त्याहून जास्त काही हवं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, माळ्याला नव्हे.

खालीही दोन ठिकाणी माती चढवू नका. एक, घराच्या जोत्याला. मातीची पातळी जोत्याच्या किमान अर्धा फूट खाली हवी, नाहीतर भिंतीचा रंग दुसऱ्याच पावसाळ्यात सुटतो. दोन, झाडाच्या बुंध्याभोवती. बुंधा जिथे रुंद होऊन मुळांत शिरतो तो भाग उघडाच राहिला पाहिजे. तिथे कट्टा बांधून माती भरायची जी पद्धत आहे, तिने चांगली मोठी झाडं हळूहळू मरतात.

बाहेर पाठवायचीच असेल तर

आधी शेजारी विचारा. सोसायटीच्या ग्रुपवर "चाळलेली बागेची माती, घमेलं घेऊन या" एवढा निरोप टाकला की अर्धा ब्रास संपायला वेळ लागत नाही. हरळी-लव्हाळा असेल तर ते सांगून द्या. ट्रकभर माल बाहेर काढायचा असेल तर कागद लागतात. कायद्याने माती हे गौण खनिज आहे आणि तिच्या वाहतुकीला परवाना लागतो. ठेकेदार "बघून घेतो" म्हणाला तरी तहसील कार्यालयात स्वतः चौकशी करा. राडारोडा मिसळलेला माल नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याला ओतला जातो, तो तुमच्या नावाने ओतला जाऊ नये. तो महापालिकेच्या बांधकाम कचरा केंद्रात द्यायचा असतो.

मोकळी झालेली जागा

गादी काढल्यावर जमीन दोन इंच खाली बसलेली असते आणि पहिल्या पावसात तिथे तळं साचतं. उतार घरापासून दूर जाईल असा करून घ्या, दर दहा फुटांना दोन-अडीच इंच पुरे. त्यावर चार इंच पालापाचोळा किंवा उसाचं पाचट अंथरा. उघडी माती पावसाने बडवली की तिच्यावर कडक पापुद्रा येतो.

जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या आच्छादनातून काही कोंब वर येतील, येणारच. हरळी असेल तर काशीपर्यंत खणून काढा. लव्हाळा असेल तर दर पंधरा दिवसांनी, पाचवं-सहावं पान फुटण्याआधी खुरप्याने गाठीसकट काढा. त्या सुमारालाच तो नव्या गाठी धरायला लागतो. नुसतं वरून खुडत राहाल तर गाठ तशीच राहते. पहिल्या पावसाळ्यात हे न चुकता केलं, तर दुसऱ्या पावसाळ्यात अधूनमधून एक फेरी मारली तरी भागतं.